जोखमीच्या बाळाची साखर: पहिल्या तीन दिवसांची तयारी कशी ठेवायची?

विभाग: बाळ-बाळंतीण

पळसफूल | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार. थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.

माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरी आली आहे. गाव दारव्हा तालुक्यात. पस्तिसावा आठवडा संपत आलाय. सातव्या महिन्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी शुगर पाहिली तर १६८ आली. १४० च्या वर म्हणजे गरोदरपणातला मधुमेह, असं सिस्टरनं सांगितलं. आधी पथ्य, मग इन्सुलिन. आता शुगर बरीच ताब्यात आहे, पण सोनोग्राफीत बाळ वजनदार दिसतंय.

मी घाबरलेली आहे आणि त्याला कारण आहे. माझा मुलगा आता पाच वर्षांचा. माझं बीपी वाढलेलं, त्याच्या गोळ्या सुरू होत्या. पोरगा पूर्ण दिवसांचा, पण वजन दोन किलोच भरलं. दवाखान्याचं नाव घेत नाही. जन्मला तेव्हा रडला, दूध ओढलं, सगळे खूश. पहिल्या दिवशी दुपारनंतर तो नुसता झोपून राहिला. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "किती शहाणं लेकरू हाय, रडतच नाही." मी रात्री दहाला त्याला घ्यायला गेले तर म्हणाल्या, "झोपू दे नं माय, काऊन उठवतं त्याले?" मलाही टाके दुखत होते. मी झोपले. दहा ते पाच कोणी पाजलं नाही आणि त्याची साखर कोणी एकदाही तपासलेली नव्हती.

साडेपाचला त्याचे डोळे एका बाजूला गेले, ओठ निळे पडले आणि डावा हात झटके देऊ लागला. तेव्हा टाचेतून रक्त घेतलं. १८.

यवतमाळला नेलं, नऊ दिवस काचेच्या पेटीत राहिला. आज त्याला आकडीचं औषध सुरू आहे. डोळे तपासले तर डोळ्यांत दोष नाही, पण मेंदूच्या मागच्या भागात इजा आहे, त्यामुळे समोरचं त्याला नीट उमगत नाही. जिल्ह्याच्या केंद्रात थेरपीला नेतो.

सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, मलाही नाही. आता नणंदेच्या बाळाच्या वेळी हे होऊ द्यायचं नाही. मला विचारायचंय: बाळंतपण कुठे करावं? साखर कधी कधी तपासायला सांगावी? दूध उतरलं नाही तर काय द्यावं? आणि घरात आत्तापासूनच मधाची बाटली आणून ठेवली आहे, त्याचं काय करू?

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, रात्री १०.२५

लेकी, तुझी पोस्ट दोनदा वाचली. एकतीस वर्षं लेबर रूम आणि नवजात कक्षात काढली, त्यामुळे तू लिहिलेली ती रात्र डोळ्यांसमोर आली.

उद्या सविस्तर लिहिते. आज एवढंच, वजन कमी किंवा जास्त असलेलं, आईला शुगर किंवा बीपी असलेलं, दिवस पूर्ण न भरलेलं बाळ पहिल्या दोन-तीन दिवसांत रडत नाही, उठत नाही, तर कौतुक करायचं नाही. उठवायचं. दुपटं काढायचं, तळपाय चोळायचे, छातीशी धरायचं. तरी दूध ओढत नसेल तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. "सिस्टर ओरडतील" म्हणून बायका गप्प बसतात, हे मी पाहिलंय. ओरडू देत.

बालरोग_तालुका | बुधवार, सकाळी ७.१०

पळसफूलताई, मी तालुक्याच्या गावी लहान मुलांचा डॉक्टर आहे. तुमच्या नणंदेच्या पोटात आत्ता काय चाललंय तिथून सुरुवात करतो, म्हणजे पुढचं सगळं त्यातून कळेल.

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. साखर जास्त आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायला लागतं. म्हणून बाळ अंगानं भरतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका मिनिटात बंद, पण बाळाचं इन्सुलिन काही तास तसंच वाढलेलं. शिवाय साखर कमी पडली तर इतर बाळं चरबी मोडून मेंदूला दुसरं इंधन देतात, ते कामही हे इन्सुलिन अडवतं. म्हणजे गुटगुटीत, चार किलोचं बाळ आतून उपाशी असू शकतं. लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण धष्टपुष्ट बाळाची काळजी करायची आपल्याला सवयच नाही.

तुमच्या मुलाचं उलट होतं. बीपीमुळे वारेतून पोषण कमी गेलं, यकृतात साखरेचा साठा कमी, अंगावर चरबी नाही. अशा बाळाचा साठा काही तासांत संपतो. त्यात बीपीच्या काही गोळ्या, लॅबेटालॉल त्यातली एक, बाळाची साखर आणखी खाली आणू शकतात. ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं तिसरी. दिसायला पूर्ण दिवसांची वाटतात, पण ओढायची ताकद कमी, लगेच दमतात. जन्मताना गुदमरलेलं, गार पडलेलं, जंतुसंसर्ग झालेलं बाळही याच यादीत.

आता वेळा. अर्ध्या ते एका तासात पहिलं दूध. त्यानंतर, जन्मापासून दोन तासांच्या आत पहिली तपासणी. मग साधारण ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांना, पाजण्याच्या आधी. मधुमेही आईच्या बाळाची साखर बहुतेक पहिल्या बारा-चोवीस तासांत खाली जाते, म्हणून सुरुवातीला आम्ही जास्त वेळा पाहतो. कमी वजनाचं बाळ तिसऱ्या दिवसापर्यंत धोक्यात राहू शकतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ४० च्या खाली आली की उपचार सुरू करतात. काही तज्ज्ञ ४५ किंवा ५० धरतात.

बाळ जागं आहे, ओढतंय, लक्षण काही नाही आणि साखर २० ते ४० च्या मध्ये आहे, तर आधी दूध द्यायचं आणि अर्ध्या ते एका तासात परत तपासायचं. २० च्या खाली असेल, किंवा आकडी, सुस्ती, श्वास थांबणं, निळं पडणं यातलं काही असेल, तर वाट पाहायची नाही. शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ मिली, आणि लगेच मागोमाग सुरू राहणारी सलाईन. ही सलाईन एकदम काढायची नसते, दूध वाढवत हळूहळू कमी करायची. घरचे लोक "आता बरं आहे, काढा आणि सोडा" म्हणून मागे लागतात, तेव्हा आम्हाला नाही म्हणावं लागतं.

बाळंतपण कुठे, याचं उत्तर: जिथे चोवीस तास टाचेची तपासणी होते, रात्री शिरेतून सलाईन लावणारं कोणी हजर असतं आणि त्याच आवारात नवजात अतिदक्षता कक्ष आहे. इन्सुलिन सुरू असलेल्या पहिलटकरणीला मी उपकेंद्रात किंवा छोट्या दवाखान्यात थांबू नका असंच सांगेन. सरकारी दवाखान्यात आई आणि बाळ दोघांचा खर्च आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे, २०११ पासून.

निवृत्त_सिस्टर | बुधवार, दुपारी १.३०

डॉक्टरसाहेबांनी आकडे सांगितले. मी हातांचं सांगते.

टाच आधी कोमट करायची. रक्त टाचेच्या कडेतून घ्यायचं, मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. स्पिरिट लावलं तर पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर आकडा चुकतो. टाच पिळून पिळून थेंब काढला तरी चुकतो. आणि पट्ट्या! मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री. झाकण उघडं राहिलेली डबी खिडकीत पडलेली मी स्वतः फेकून दिली आहे. असल्या पट्टीवर बाळाचा जीव तोलायचा का? मशीन मुळातच कमी आकड्यांना थोडं इकडेतिकडे होतं. म्हणून कमी आली की एक नमुना प्रयोगशाळेत जातो, पण उपचार त्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. नमुना तसाच टेबलावर पडला तर नळीतल्या पेशीच त्यातली साखर खात बसतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. राखाडी झाकणाची नळी आणि धावत जाणारा माणूस, दोन्ही लागतात.

थरथर आणि आकडी यातला फरक आयांनी शिकून घ्यावा. हात थरथरतोय, आपण हलकेच धरला आणि थांबला, तर ती थरथर. धरूनही आत झटका जाणवतोय, डोळे एका जागी खिळलेत, ओठ चोखल्यासारखे चालू आहेत, तर आकडी. दोन्हींत साखर बघायचीच. पण ताई, खरी भीती त्या बाळाची, ज्याला काहीच होत नाही. साखर तिशीत आणि बाळ शांत. म्हणून घड्याळ लावून तपासायचं, लक्षण दिसायची वाट बघून नाही.

ऊब विसरू नका. गारठलेलं बाळ ऊब तयार करण्यात साखर जाळतं. जन्मल्यावर पुसून कोरडं करायचं आणि आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांना पांघरूण, डोक्याला टोपी. आंघोळ निदान चोवीस तास नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात तर अजिबात घाई नको.

आज्जीचा_बटवा | बुधवार, सायंकाळी ६.०५

माझे पाच लेकरं, अकरा नातवंडं. सगळ्यांले सोन्याच्या अंगठीनं मध चाटवला. कोणालेच काही झालं नाही. डॉक्टर म्हणते साखर कमी होते, मग मध, गुळाचं पाणी साखरच आहे ना? दूध तिसऱ्या दिवशी उतरते, तोवर लेकरू उपाशी ठेवायचं का? मनापासून विचारते, भांडत नाही.

निवृत्त_सिस्टर | बुधवार, सायंकाळी ७.२०

आज्जी, प्रश्न रास्त आहे. लेकरू उपाशी राहू नये ही तुमची काळजी अगदी बरोबर. पहिली गोष्ट म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत आई कोरडी नसते. पहिल्या तासापासून चीक असतो. पिवळा, घट्ट, थोडाच. पण त्या बाळाचं पोटही तेवढंच, एका वेळी चमचा-दीड चमचा त्याला पुरतो. पुष्कळ घरी तो पिळून टाकतात, "जड पडतो" म्हणून. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो आणि आपल्या लेकराचा चीक सांडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मधाचं असं. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांना ती काही करत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात. गुळाच्या पाण्यात पाणी कुठलं, वाटी कुठली, बोट कुणाचं. साखर किती गेली तेही कळत नाही, आणि गोड चाखून पेंगलेलं बाळ छातीला लावलं की ओढत नाही. आईचं ओढलं नाही की दूध उतरायला आणखी उशीर. तुमची अकरा नातवंडं धडधाकट जन्मली असतील, त्यांनी ते सोसलं. पळसफूलच्या नणंदेचं बाळ त्यांच्यासारखं नसेल.

आज्जीचा_बटवा | बुधवार, रात्री ८.१५

अकरातलं एक सातव्या महिन्यातलं होतं. ते राहिलं नाही. तेव्हा कोणी साखर गिखर पाहत नव्हतं. वाचते मी पुढचं.

जुळ्यांचा_बाप | गुरुवार, सकाळी ८.४५

अकोट. आमची जुळी ३५ आठवड्यांना झाली, मुलगी २१००, मुलगा १८५०. दुसऱ्या तासाला मुलगी ४७, मुलगा ३१. मला तेव्हा काही कळत नव्हतं. सिस्टरनं बायकोकडून हातानं चीक काढून घेतला, पंपानं पहिल्या दिवशी काहीच येत नाही, हातानंच येतो. चमच्याच्या टोकाएवढा आला. तो मुलाला दिला, कमी पडला म्हणून डॉक्टरांनी मोजून पावडरचं दूध दिलं. अर्ध्या तासानं ५२. परत बारा तासांना ३८, परत तेच. सलाईन लावावी लागली नाही.

मी एक केलं. वहीच्या कागदावर दोन रकाने आखून पलंगाच्या डोक्याशी चिकटवले. किती वाजता पाजलं, किती मिनिटं ओढलं, लघवी, साखर. दर दोन तासांनी मोबाईलचा गजर. रात्रीच्या ड्यूटीला नवीन सिस्टर आली की कागद दाखवायचो. रात्री कोण काय विसरलं हे कागद सांगायचा.

एक विचारायचं होतं. माझ्या वडिलांचं शुगर मशीन घरी आहे, सुट्टी झाल्यावर त्यानं मुलांची बघत जावी का?

बालरोग_तालुका | गुरुवार, दुपारी २.००

नका. घरचं मशीन मोठ्यांच्या आकड्यांसाठी आहे, नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं आणि त्यावर ते चुकतं. खोट्या ६० नं तुम्ही निर्धास्त व्हाल, खोट्या ३५ नं रात्रभर पळाल. नुसत्या दुधावर साखर नीट टिकते हे दवाखान्यातच पाहून मग घरी सोडायचं. घरी गेल्यावर पाजणं, ऊब आणि वजन सांभाळा.

पावडरच्या दुधाबद्दल: आईचं दूध पुरत नसेल तर वैद्यकीय कारणासाठी, वाटी-चमच्यानं दिलेलं दूध हे औषधासारखं आहे. बाटली नको. आणि त्या काळातही आईनं दर दोन-तीन तासांनी छातीला लावत आणि पिळत राहायचं.

संत्राबाग | गुरुवार, रात्री ९.५५

वरुड भागातला आहे. सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो. माझ्या बहिणीचं बाळ, वजन ३२००, आईला काही नाही, दिवस पूर्ण. जन्मल्यावर एका तासातच साखर पाहिली, ३८ आली. लगेच पेटीत, सलाईन, तीन दिवस आईपासून दूर. आईचं दूध आटत आलं, बिल चाळीस हजारांच्या वर, त्यात दोन एकरांतला कापूस गेला. बाळ पूर्ण ठणठणीत होतं. लोकांना घाबरवून पेटीत टाकायचा धंदाही होतो, हेही लिहा.

बालरोग_तालुका | शुक्रवार, सकाळी ६.५०

लिहितो. तुमची तक्रार खोटी नाही.

जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत प्रत्येक बाळाची साखर खाली येते, अगदी निरोगी बाळाचीसुद्धा तिशीपर्यंत जाऊन स्वतःच वर चढते. शरीर स्वतःची साखर बनवायला शिकण्याचा तो काळ आहे. म्हणून जोखीम नसलेल्या, ओढणाऱ्या बाळाची उगाच साखर पाहायचीच नसते. जोखमीच्या बाळाचीही आधी पाजून मग पाहायची. लक्षण नसलेल्या ३८ ला पहिला उपाय आईचं दूध आणि फेरतपासणी.

यावर अभ्यास झालेत. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या वायकाटो रुग्णालयात केलेला एक अभ्यास २०१३ साली लॅन्सेटमध्ये आला. ४० टक्के डेक्स्ट्रोजची जेल, किलोमागे २०० मिलिग्रॅम, बाळाच्या गालाच्या आत चोळायची आणि लगेच पाजायचं. जेल मिळालेल्या बाळांत १४ टक्के वेळा उपचार अपुरे पडले, साधी जेल मिळालेल्यांत २४ टक्के. साखर कमी म्हणून पेटीत जाणारी बाळं कमी झाली आणि दोन आठवड्यांनी वरचं दूध पिणारीही कमी. जेल म्हणजे मध नाही, आज्जींनी हे लक्षात घ्यावं: निर्जंतुक, मोजलेली, तपासणीच्या जोडीनं दिलेली. माझ्याकडे ती तयार नळी नाही, मी दुधावरच भर देतो.

दुसरा नेदरलँड्सचा, २०२०. जोखमीच्या पण एरवी बऱ्या असलेल्या, ३५ आठवड्यांवरच्या आणि दोन किलोंवरच्या बाळांत एका गटाला ४७ च्या खाली उपचार केले, दुसऱ्या गटाला ३६ च्या खाली. दीड वर्षाच्या वयात दोन्ही गटांची वाढ सारखीच निघाली. म्हणजे काटेकोर तपासणी चालू असताना एखाद्या ३८ नं मेंदूला इजा होते असं नाही. काटेकोर तपासणी चालू असताना, हे शब्द मात्र पुसू नका. इजा होते ती साखर फार खाली जाऊन, बराच वेळ, कोणाच्या लक्षात न येता तशीच राहते तेव्हा. पळसफूलताईंच्या मुलाचं तेच झालं.

पेटीत ठेवायची वेळ आलीच तर विचारा: आकडा किती होता, लक्षण काय होतं, दूध देऊन परत पाहिलं का, आईला आत येऊन पाजू देणार का. नम्रपणे विचारा, पण विचारा.

मेळघाटवाट | शुक्रवार, दुपारी ३.३०

धारणी तालुक्यात आश्रमशाळेवर शिक्षक आहे. इथून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, सेमाडोहचा घाट उतरून. मागच्या डिसेंबरात शेजारच्या कोरकू घरात पावणेदोन किलोचं बाळ झालं, ओढेना, पुढे रेफर केलं. मी सोबत गेलो.

निघण्याआधी सिस्टरनं आईचं दूध काढून नळीनं पोटात दिलं, म्हणाली रिकाम्या पोटी घाट उतरवायचा नाही. मग बाळ आईच्या छातीवर उघडं, लुगड्यानं बांधलं, वर टोपी, वर घोंगडं. गाडीत हीटर नव्हता. परतवाड्याला थांबून परत थोडं दूध दिलं. पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदा बाळाच्या पोटाला हात लावला आणि म्हणाले, गरम आहे. साखर ४६. रस्ता तेवढाच लांब होता, पण बाळ उपाशी आणि गार पोचलं नाही.

निवृत्त_सिस्टर | शुक्रवार, दुपारी ४.१०

त्या सिस्टरला माझा नमस्कार सांगा. प्रशिक्षणात हेच शिकवतात, रेफर करताना पाजून आणि उबेत पाठवा. गडबडीत आधी कागद भरले जातात आणि हे राहून जातं.

झोळीकाटा | शनिवार, रात्री ८.३०

मी आशा आहे, गडचिरोली जिल्ह्यातली. आमच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही. हे काम आमच्याच जिल्ह्यात सर्च संस्थेनं, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून सुरू केलं आणि नंतर देशभर गेलं. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मला त्याचा अभिमान वाटतो.

आमच्याकडे बाळाची साखर पाहायचं साधन नाही. थर्मामीटर आहे, झोळीचा काटा आहे, घड्याळ आहे. मी घरात गेले की आधी विचारत नाही, आईला म्हणते माझ्यासमोर पाज. ओढ मंद झाली, अंग सैल आहे, पाय गार आहेत, रडणं बारीक झालंय, तर मी तिथूनच १०२ किंवा १०८ ला फोन लावते. अडचण ही की सध्या कापसाचा वेचा सुरू आहे. घरचे दुसऱ्या दिवशीच "सोडा" म्हणतात, कारण घरी माणूस नाही. तिसऱ्या दिवशी मी जाते तेव्हा मधला दीड दिवस कोणी पाहिलेलं नसतं. जोखमीचं बाळ असेल तर दवाखान्यातून मला एक फोन आला तरी मी आदल्या दिवशीच जाईन. तो फोन येत नाही. ताई, तुमच्या आशाताईला आत्ताच सांगून ठेवा.

पळसफूल | शनिवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे आभार. प्रत्येक उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. आज्जींचं सातव्या महिन्यातल्या बाळाचं वाचल्यावर त्या उठून आत गेल्या, थोड्या वेळानं आल्या आणि म्हणाल्या, "मंग मध देऊन टाक कोणाले."

ठरलं ते असं: यवतमाळलाच. आशाताईला सांगितलं. कागद आखला. डॉक्टरसाहेब, दोन प्रश्न. छत्तिसाव्या आठवड्यापासून चीक काढून ठेवता येतो असं नणंदेनं ऐकलंय, ते खरं का? आणि या बाळाला पुढे मधुमेह होणार का?

बालरोग_तालुका | रविवार, सकाळी ७.३०

चीक काढून ठेवण्यावर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. मधुमेह सोडून दुसरी जोखीम नसलेल्या बायकांत छत्तिसाव्या आठवड्यापासून हातानं काढणं सुरक्षित निघालं. पण नणंदेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी हो म्हटलं तरच. कळा आल्यासारखं वाटलं की थांबायचं. आणि तो फ्रीजरमध्येच गोठवून ठेवावा लागतो. तुमच्याकडे लाईटचं काय ते पाहा, वितळून परत गोठलेला चालणार नाही. न जमलं तरी हातानं काढायचं कसं हे मात्र तिला आत्ताच माहीत हवं.

बाळाची साखर आत्ता कमी होणं म्हणजे मधुमेह नव्हे. त्याचं इन्सुलिन काही दिवसांत जागेवर येतं. खरी जपायची ती आई. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची साखर परत तपासून घ्या, हे बहुतेक जण विसरतात. आणि कळांच्या वेळीही तिची साखर ताब्यात हवी. तेव्हा ग्लुकोजची सलाईन भराभर गेली तर बाळाचं इन्सुलिन ऐन जन्माच्या वेळी उसळतं.

पळसफूल | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, पहाटे ४.५०

वॉर्डातून लिहिते. काल दुपारी मुलगी झाली, ३९०० ग्रॅम. पस्तीस मिनिटांत छातीला लावली. दोन तासांना ३४. माझे हातपाय गळाले, पण नणंदेनं शांतपणे चीक काढला, चमच्यानं दिला, वर छातीला. अर्ध्या तासानं ४४. सहा तासांना ३७, परत तेच, ५१. मध्यरात्रीनंतर बारा तासांची ५५. पेटीत नेलं नाही, डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले. सासूबाई खुर्चीत बसून गजर वाजायच्या आधी उठताहेत.

निवृत्त_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६.००

५५ चांगली. पण आजची रात्र आणि उद्याचा दिवस कागद तसाच भरायचा. नणंदेला जेवू घाल.

पळसफूल | शनिवार, दुपारी १२.१५

चोवीस तासांना ६२, ४८ ला ६६. आज दुपारी बहात्तर तास होतील, ती नीट आली तर सुट्टी. आशाताई उद्याच येते म्हणाली.

बालरोग_तालुका | शनिवार, रात्री ९.२०

छान. ताई, आता तुमच्या मुलाबद्दल विचारतो, राहून गेलं होतं. थेरपीत नजरेवर काय काम घेतात? मेंदूच्या मागच्या भागाची इजा असलेल्या मुलांना गर्दीतलं चित्र उमगत नाही. एका वेळी एकच वस्तू, लाल किंवा पिवळी, मागे काळं साधं कापड, आणि वस्तू हळू हलवायची. मग थांबायचं. त्यांना बघायला वेळ लागतो, आपण घाई करून वस्तू बदलतो. वय पाच आहे, अजून बरंच घडवता येतं. आकडीचं औषध चुकवू नका.

पळसफूल | रविवार, रात्री ९.००

बाळ-बाळंतीण घरी आली. शेवटची ७१.

मुलासमोर सगळी खेळणी एकदम पसरून ठेवत होते मी. आज सासऱ्यांची काळी घोंगडी भिंतीला टांगली आणि त्याच्यासमोर नुसती लाल वाटी धरली, हळूच हलवली. बराच वेळ काही नाही. मग मान वळली. हात नेला नाही, पण मान वळली, दोनदा.

शुक्रवारी केंद्रात तारीख आहे. त्या वेळचा एमआरआय आणि सुट्टीचा कागद शोधून ठेवलाय. डॉक्टरसाहेब, आणखी काय सोबत नेऊ?

बालरोग_तालुका | रविवार, रात्री ९.४०

आकडीच्या औषधाची चिठ्ठी, डोक्याच्या घेराची नोंद असेल तर ती, आणि ती लाल वाटी.